ब्लेनिम मार्क ४ ऑनलाइन खेळात उतरवताना: एका दुबळ्या बॉम्बरचं प्रकरण

एक ऑनलाइन हवाई लढाईचा खेळ धरू. एका फेरीत सोळा विरुद्ध सोळा खेळाडू, नकाशा मे १९४० मधल्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सचा. जर्मन बाजूकडे मेसरश्मिट १०९ई हे लढाऊ विमान आहे, श्टूका हे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान आहे. ब्रिटिश बाजूकडे हरिकेन हे लढाऊ विमान आहे, पण पुलावर किंवा रस्त्यावरच्या रणगाड्यांवर बॉम्ब टाकायला काहीच नाही. ही पोकळी भरायला ब्रिस्टल ब्लेनिम मार्क ४ घालायचं ठरतं. (स्पेलिंग पाहून मराठीत बरेच जण ‘ब्लेनहाइम’ लिहितात, इंग्रज मात्र ‘ब्लेनिम’ म्हणतात.) उड्डाणाचं गणित जेएसबीसिम या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणजे विमानाचं वजन, इंजिन, प्रॉपेलर आणि हवेचे गुणांक एक्सएमएल फाइलींत भरायचे असतात.

आकडे गोळा करणं हा यातला सोपा भाग. पंचाईत वेगळीच आहे. हे विमान त्या काळात खरोखरच मार खात होतं. १७ मे १९४० रोजी ८२ स्क्वाड्रनची बारा ब्लेनिम बेल्जियममधल्या जांब्लूकडे निघाली. विमानविरोधी तोफांनी त्यांचा जमाव फोडला, मग १०९ विमानांनी उरलेल्यांना गाठलं; बारापैकी एक परतलं. त्याच स्क्वाड्रनची बारा विमानं १३ ऑगस्टला डेन्मार्कमधल्या ऑलबॉर्गवर गेली. एक वाटेतून मागे फिरलं, बाकीची अकराच्या अकरा पडली. असं विमान जसंच्या तसं खेळात टाकलं की आठवड्याभरात तक्रार येणार: ‘हे कुणी उडवायचं?’ तिथे हात सैल होतो. कुणी वेग वाढवतो, कुणी टरेटच्या (पाठीवरच्या फिरत्या बुरुजाच्या) बंदुकीला रडारची नजर देतो, कुणी टाक्यांना चिलखत चढवतो. या प्रकरणाची खरी परीक्षा इथेच आहे. विमान दुबळं ठेवून त्याला काम कसं द्यायचं?

आधी कुठलं ब्लेनिम ते ठरवा

पहिली चूक संदर्भचित्रांतूनच होते. संग्रहालयांत ‘ब्लेनिम’ म्हणून उभी असलेली बरीच विमानं मुळात कॅनडात बनलेली बोलिंगब्रोक आहेत. इंग्लंडमधल्या डक्सफर्डचं उडणारं विमानही बोलिंगब्रोकच्या सांगाड्यावर मार्क १ चं नाक बसवून उभं केलेलं आहे. फिनलंडमध्ये खरं ब्लेनिम टिकून आहे, पण फिन्निश विमानांच्या बॉम्ब-कप्प्यात त्यांच्या बॉम्बसाठी बदल केलेले होते. त्यामुळे फोटोवरून कॉकपिट किंवा कप्प्याचं माप घेण्याआधी तो फोटो कुठल्या विमानाचा हे लिहून ठेवायचं. नाही तर नाक ब्रिटिश, पोट फिन्निश आणि डॅशबोर्ड कॅनेडियन असं मिश्रण तयार होतं, आणि ते ओळखणारा खेळाडू पहिल्याच दिवशी भेटतो.

मार्क १ चं नाक आखूड, गोल आणि काचेचं. मार्क ४ चं नाक पुढे काढलं, कारण नेव्हिगेटरला नकाशा पसरायला जागा हवी होती. पण लांब नाकाने पायलटचं समोरचं दिसणं अडलं, म्हणून डाव्या बाजूने नाकाचा वरचा भाग खरवडल्यासारखा खाली घेतला. मॉडेलमध्ये हा डावा-उजवा फरक चुकला तर विमान दुरून बरं दिसतं, पण कॉकपिटमधून उतरताना धावपट्टी दिसत नाही. मॉडेलरला सांगायचं ते एवढंच: अर्धं विमान बनवून आरशासारखं उलटवण्याची सवय नाकाच्या बाबतीत सोडा.

मापं अशी: पंखांचा विस्तार १७.१७ मीटर, लांबी १२.९८ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ ४३.६ चौरस मीटर. रिकामं वजन ९,७९० पौंड, भरलेलं १४,४०० पौंड. ११,८०० फुटांवर कमाल वेग ताशी २६६ मैल, म्हणजे ४२८ किलोमीटर. चढण सुरुवातीला मिनिटाला सुमारे १,५०० फूट. चालक दल तिघांचं: पायलट, नेव्हिगेटर (बॉम्ब टाकणाराही तोच) आणि वायरलेस सांभाळणारा बंदूकधारी.

मॉडेलचं बजेट ठरवताना एक व्यवहारी हिशोब पुरतो. जवळच्या रूपाला ६० ते ८० हजार त्रिकोण (थ्रीडी मॉडेल ज्यांनी बनतं ते), २०० मीटरपुढे २० हजार, ८०० मीटरपुढे ५ हजार आणि दोन किलोमीटरपुढे हजाराच्या आत. शेवटच्या रूपात काच, अँटेना, दारांच्या चिरा सगळं जातं. उरला पाहिजे तो मधल्या उंचीचा पंख आणि दोन गोल इंजिनं. ब्लेनिमच्या मूळ नमुन्यात, टाइप १४२ मध्ये, पंख खाली होता, बॉम्ब-कप्प्याला जागा व्हावी म्हणून तो वर चढवला. दुरून विमान ओळखण्याची खूण तीच. ती गेली की १०९चा खेळाडू मित्र-शत्रू ओळखायला गोंधळतो, आणि ते निर्भेळ नुकसान आहे.

वजन आणि इंधन: गॅलनची फसवणूक

मार्क ४ च्या टाक्या चार. आतल्या दोन प्रत्येकी १४० गॅलन, बाहेरच्या दोन प्रत्येकी ९४, मिळून ४६८. हे इंपीरियल गॅलन आहेत. जेएसबीसिमच्या टाकीत पौंड भरायचे असतात, आणि तिथे हमखास घसरगुंडी होते. इंपीरियल गॅलन पेट्रोल साधारण ७.२ पौंडांचं, म्हणजे ४६८ ला ३,३७० पौंड. अमेरिकी गॅलनचे ६ पौंड लावले तर २,८०८ होतात, म्हणजे ५६० पौंडांनी हलकं विमान. ते छान चढतं, सगळे खूश होतात, आणि चूक महिनाभर सापडत नाही.

आता बेरीज करून पाहा. रिकामं ९,७९०, पूर्ण इंधन ३,३७०, बॉम्ब १,०००, तिघं माणसं पॅराशूटसह ६०० धरली तर १४,७६०. यात तेल आणि गोळ्या अजून आलेल्या नाहीत. म्हणजे पूर्ण टाक्या आणि पूर्ण बॉम्ब एकत्र घेतले तर १४,४०० ची रेघ ओलांडली जाते. खेळातली फेरी अर्ध्या-पाऊण तासाची असते; २,३०० किलोमीटरचा पल्ला तिथे कुणाला लागत नाही. म्हणून इंधनाचे तीनच पर्याय ठेवणं शहाणपणाचं: आतल्या टाक्या अर्ध्या, आतल्या पूर्ण, आणि चारही पूर्ण. चारही पूर्ण निवडलं तर बॉम्बचा पर्याय आपोआप दोन २५० पौंडांवर यावा.

पण आतल्याच टाक्या घ्या म्हटलं की एक बारकावा पुढे येतो. या विमानात बाहेरच्या टाक्यांत १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरत आणि जड विमान उचलताना त्यावर इंजिन चालवत. आतल्या टाक्यांतल्या ८७ ऑक्टेनवर सरळ प्रवास होई. +९ पौंड बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, दर चौरस इंचाला) हा १०० ऑक्टेनचा हक्क आहे; ८७ वर +५ वर थांबायचं. तेव्हा खेळाडूने बाहेरच्या टाक्या रिकाम्या ठेवल्या तर त्याला टेकऑफला +९ मिळता कामा नये. दोन ओळींची अट आहे ही, पण तिच्यामुळे इंधनाची निवड हा खरा निर्णय बनतो: हलकं उडायचं की जोरात उठायचं. मधला मार्ग म्हणून बाहेरच्या टाक्यांत वीस-वीस गॅलन हा चौथा पर्याय देता येतो. इतिहासाच्या दृष्टीने थोडा ओढूनताणून, खेळाच्या दृष्टीने चांगला.

बूस्टच्या एककांतही खड्डा आहे. ब्रिटिश मापक वातावरणाच्या दाबापेक्षा किती वर ते दाखवतो. +९ म्हणजे निरपेक्ष २३.७ पौंड, म्हणजे पाऱ्याचे ४८.२ इंच, +५ म्हणजे ४०.१ इंच. जेएसबीसिमच्या इंजिन फाइलीत रेटेड बूस्ट पौंडांत आणि कमाल मॅनिफोल्ड दाब पाऱ्याच्या इंचांत मागतात, एकाच फाइलीत, चार ओळींच्या अंतराने.

इंजिन, गिअर आणि दोनच टप्प्यांचा प्रॉपेलर

इंजिन ब्रिस्टल मर्क्युरी १५, नऊ सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, २४.९ लिटर. टेकऑफची ताकद ९०५ अश्वशक्ती की ९२०, हे कुठलं पुस्तक उघडता त्यावर अवलंबून. +९ बूस्ट देत असाल तर ९२० घ्या. कमाल फेरे मिनिटाला २,७५०. प्रॉपेलरकडे जाताना गिअर ०.५७२ ने फेरे कमी करतो, म्हणजे प्रॉपेलर १,५७३ वर फिरतो. जेएसबीसिमला मात्र उलटा आकडा हवा असतो, इंजिनाचे फेरे भागिले प्रॉपेलरचे फेरे, म्हणजे १.७४८. पुस्तकातला ०.५७२ तसाच टाकला तर इंजिन सुरू होतं, खोकतं आणि फेरे चढतच नाहीत, कारण प्रॉपेलर त्याच्यापेक्षा जोरात फिरवायचा हुकूम त्याला दिलेला असतो. लोक मग थ्रॉटलची फाइल, मॅग्नेटो, इंधनाची वाट शोधत बसतात. आधी गिअर पाहा.

ब्लेनिमचा खरा स्वभाव प्रॉपेलरमध्ये आहे. हा स्थिरवेगी प्रॉपेलर नव्हे. पात्यांचे कोन दोनच, बारीक आणि भरड, मधलं काही नाही. बारीक कोनात टेकऑफ आणि चढणीची सुरुवात, मग भरड कोनात बाकी सगळं उड्डाण. बहुतेक खेळांत तयार सांचा स्थिरवेगी प्रॉपेलरचा असतो, कारण युद्धातली पुढची जवळपास सगळी विमानं तशी. तो सांचा ब्लेनिमला लावला की चढण आणि वेग पकडणं दोन्ही फुकट सुधारतं, आणि कुणी मुद्दाम केलेलं नसतं. जेएसबीसिममध्ये स्थिरवेग बंद करून पात्याचा कोन बाहेरून द्यावा लागतो. त्यावर एक छोटा फिल्टर बसवावा, म्हणजे बटण दाबल्यावर कोन उडी न मारता दोन-तीन सेकंदांत सरकतो.

यातून खेळाडूला काय जाणवायला हवं? भरड कोनात टेकऑफ केला तर विमान धावपट्टी संपेपर्यंत सुस्त. बारीक कोनात सूर मारला तर फेरे २,७५० ओलांडून पळतात आणि इंजिन खराब होतं. उतरताना भरडवर राहिलं आणि शेवटच्या क्षणी परत चढायचं ठरवलं तर थ्रॉटल पुढे ढकलूनही काही घडत नाही. आणखी एक, जे खेळाडूंना सगळ्यात जास्त खटकतं: बंद पडलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर फेदर करता येत नाही, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळवता येत नाहीत. तो वाऱ्यावर फिरत राहतो आणि ब्रेकसारखा ओढतो. ‘एका इंजिनावर घरी पोचता येत नाही’ असा बग नोंदला जाईल. बॉम्ब टाकलेलं, निम्म्या इंधनाचं विमान भरड कोनात कसंबसं उंची धरत असेल तर तो बग बंद करून टाका.

कॉकपिटात ही कळ पायलटच्या मागे, हाताने चाचपून शोधायची. खऱ्या पायलटांनाही ती बघून वापरता येत नसे. व्हीआर वापरणाऱ्याला मागे हात न्यावा लागेल. की-बोर्डवाल्याला एक बटण. ही तफावत अन्यायाची वाटली तरी ती तशीच ठेवा. मात्र कोन बदलल्याचा आवाज नीट द्या. इंजिनाचा सूर खाली येतो, तोच पायलटचा खरा निर्देशक होता.

दुसरी अशीच कळ हायड्रॉलिकची. दाब टरेटला द्यायचा की चाकं आणि फ्लॅपना, हे निवडक झडपेने ठरतं. उड्डाणात ती टरेटवर असते. उतरताना ती फिरवायला विसरलात तर चाकांची कळ खाली ढकलूनही चाकं पोटातच. नवशिक्या पातळीवर ही झडप आपोआप फिरावी, वरच्या पातळीवर खेळाडूच्या हाती. आणि ती चाकांवर असताना टरेट हलू नये. उतरणाऱ्या ब्लेनिममागे लागलेल्या १०९ला हीच संधी आहे.

ड्रॅग उलट्या दिशेने काढायचा

ब्लेनिमचे वारा-बोगद्यातले गुणांक शोधत बसण्यापेक्षा कमाल वेगावरून मागे येणं जलद. ११,८०० फुटांवर हवेची घनता घनमीटरला सुमारे ०.८५५ किलो. ४२८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११९ मीटर. त्यावरून गतिक दाब ६,०४० पास्कल येतो; तो पंखाच्या क्षेत्रफळाने गुणला की २,६३,००० न्यूटन. त्या उंचीवर प्रत्येक इंजिनामागे ९०० अश्वशक्ती आणि प्रॉपेलरची कार्यक्षमता ७८ टक्के धरली, तर पुढे ओढणारं बल ८,८०० न्यूटन. सरळ उड्डाणात ड्रॅगही (हवेचा अडथळा) तेवढाच. भागाकार ०.०३३. पूर्ण वजनाला लिफ्टमुळे (पंखांच्या उचलीमुळे) येणारा हिस्सा ०.००३५ च्या आसपास, कारण पंखांचं लांबी-रुंदीचं प्रमाण ६.८ आहे. तो वजा केला की शून्य-लिफ्ट ड्रॅग ०.०३० च्या जवळ.

९०० हा जरा उदार आकडा आहे. ८४० धरला तर उत्तर ०.०२८ येतं. म्हणून ०.०२९ ने सुरुवात करून चाचणी उड्डाणाने पक्कं करायचं: ११,८०० फूट, पूर्ण वजन, गिल (इंजिनाभोवतीचे झाप) बंद, भरड कोन, तीन मिनिटं सरळ. वेग २६१ ते २७१ मैलांच्या आत आला की पुढे जायचं. गिल उघडे ठेवून चाचणी केली आणि ड्रॅग कमी करत नेला, ही चूक इतकी साधी आहे की ती दरवेळी होते. हे झाप उघडे असले की वेग घसरतो; त्यांचा ड्रॅग वेगळा गुणांक म्हणून ठेवा, मूळ आकड्यात मिसळू नका.

बॉम्ब-दारं: इलॅस्टिकचा खेळ

हा या विमानातला सगळ्यात मजेदार भाग, आणि त्यावर वेळ घालवणं परवडतं.

ब्लेनिमच्या बॉम्ब-कप्प्याची दारं पायलट उघडत नसे. ती इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी बंद ओढलेली असत. बॉम्ब सुटला की त्याच्या वजनाने दार ढकललं जाई, बॉम्ब बाहेर, दार परत मिटलेलं. कळ नाही, हायड्रॉलिक नाही, दार उघडताना येणारा ड्रॅग नाही. किंमत एकच: बॉम्ब दार ढकलायला नेमका किती वेळ घेईल ते सांगता येत नसे, आणि तेवढा नेम बिघडे.

आता हे खेळात उतरवा. वेग ताशी २०० मैल, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. १,००० फुटांवरून बॉम्ब जमिनीवर यायला ७.९ सेकंद लागतात, तोवर तो हवेचा अडथळा सोडला तर सुमारे ७०० मीटर पुढे जातो. दाराचा विलंब ०.१५ ते ०.४५ सेकंदांत यादृच्छिक ठेवला (हा आकडा खेळासाठी निवडलेला, मोजलेला नाही), तर फरक १३ ते ४० मीटरचा. पुलाला चुकवायला एवढं पुरतं, रस्त्यावरच्या ताफ्याला चुकवायला पुरत नाही. म्हणजे निव्वळ एका इलॅस्टिकमुळे विमानाचं योग्य लक्ष्य कोणतं ते ठरतं. चार २५० पौंडी बॉम्ब ओळीने सोडणारा खेळाडू पुलावरही काहीतरी लावून जातो. दोन ५०० पौंडी घेणाऱ्याला नशीब लागतं.

विलंब कुठे काढायचा यावर सगळं अवलंबून आहे. खेळाडूच्या संगणकावर काढला तर त्याला बॉम्ब एका जागी पडलेला दिसतो आणि सर्व्हर दुसरीकडे स्फोट दाखवतो; लोकांना वाटतं पिंगमुळे झालं. सर्व्हरने प्रत्येक बॉम्बचा विलंब उड्डाणाच्या सुरुवातीलाच, उड्डाणाचा क्रमांक आणि बॉम्बचा क्रमांक यांच्या बीजावरून (यादृच्छिक आकडा ज्यातून निघतो त्या सुरुवातीच्या आकड्यावरून) काढून ठेवावा. सगळ्यांना एकच बीज पाठवलं की सगळ्यांचे आकडे जुळतात आणि वाटेत काही पाठवावं लागत नाही. फक्त ते बीज खेळाडूच्या स्मृतीत उघडं पडतं. कुणी ते वाचून विलंब आधीच जाणून घेईल. म्हणून बॉम्ब टाकणाऱ्या खेळाडूला त्याच्या स्वतःच्या बॉम्बचं बीज द्यायचं नाही. कळ दाबल्यावर सर्व्हरचं उत्तर येतं, बॉम्ब तेव्हा सुटतो. दीडशे मिलिसेकंदांचा पिंग इथे दाराच्या विलंबात लपून जातो. दाराची कमीत कमी मर्यादा ०.१५ ठेवण्याचं खरं कारण तेच.

फ्यूजचा (बॉम्ब कधी फुटावा ते ठरवणाऱ्या भागाचा) पर्याय द्यायलाच हवा. कमी उंचीवरच्या हल्ल्यात ११ सेकंदांच्या विलंबाचे फ्यूज वापरले जात, नाहीतर स्वतःच्याच स्फोटाने विमान पडे. ८९ मीटरच्या वेगाने ११ सेकंदांत विमान ९८० मीटर दूर जातं. पण याच ९८० मीटरच्या आत मागून येणारा सोबती असेल तर तो तुमच्या बॉम्बवरून जाणार. तेव्हा जमाव अकरा सेकंदांच्या आत लक्ष्यावरून पार झाला पाहिजे. हा नियम खेळाडूंना कुठेही लिहून दाखवू नका. दोन फेऱ्यांत त्यांना तो कळतो, आणि पुढे तेच एकमेकांना ओरडून सांगतात.

बंदुका आणि नेटवर्क

पुढे पाहणारी एकच ब्राउनिंग, डाव्या पंखात. टरेटमध्ये सुरुवातीला एक व्हिकर्स के, पुढे दोन. मे १९४० च्या नकाशासाठी एकच. नाकाखाली मागे तोंड करून बसवलेल्या बंदुका नंतरच्या. नेव्हिगेटर त्यांचा नेम आरशात पाहून धरत असे. त्या या नकाशातून वगळा.

व्हिकर्स केच्या चकतीत शंभर गोळ्या. मिनिटाला ९५० धरल्या तर सव्वासहा सेकंदांत चकती रिकामी. मग बदलायची. टरेटच्या बॉटला हे लागू केलं की निम्मं काम होतं. स्वयंचलित बंदूकधारी बहुधा खेळाचा सगळ्यात नेमबाज माणूस असतो. त्याला शंभर गोळ्या, पाच सेकंदांची चकती-बदली आणि मोठा फैलाव दिला की तो माणसासारखा वागतो. पायलट जोरात वळण घेत असताना त्याचा नेम आणखी सैल करा. शेपटीचा खांब आणि आडवी शेपूट जिथे आड येते तिथे गोळी सुटू नये. हा कोनांचा तक्ता मॉडेलवरून काढावा, अंदाजाने नव्हे. पोटाखाली काहीच झाकलेलं नाही. १०९चे चांगले खेळाडू तिथूनच येणार, आणि त्यांना येऊ द्यायचं.

टरेटचा कोन इतरांना दाखवायला किती बिट लागतात, हा छोटा पण महागडा प्रश्न आहे. आडव्या कोनाला १० बिट दिले तर पायरी ०.३५ अंशांची, ३०० मीटरवर ती १.८ मीटरचा फरक करते. टरेट फिरताना दिसण्यासाठी ठीक, गोळीच्या दिशेसाठी बिलकूल नाही. म्हणून दिसण्याचा कोन १० बिटांत प्रत्येक पॅकेटमध्ये, आणि गोळीची खरी दिशा फक्त गोळीबार सुरू झाल्यावर १६ बिटांत. दोन्हींना एकच आकडा वापरला की मारणाऱ्याला लागलेलं दिसतं आणि सर्व्हर नाही म्हणतो.

मार खाण्याच्या बाजूला फार काही लिहिण्यासारखं नाही. हवेने थंड होणारं इंजिन असल्यामुळे रेडिएटर नाही, तेलाचा कूलर आहे. चार टाक्या, तीन माणसं, शेपटीकडे जाणाऱ्या केबल. मे १९४० च्या रूपात टाक्यांना आणि माणसांना उदार संरक्षण देऊ नका. ते पुढे युद्धाच्या अनुभवातून वाढत गेलं.

काम द्या, ताकद नको

आता मूळ प्रश्न. वेगाचा फरक असा: १०९ई उंचीवर ५७० च्या आसपास, ब्लेनिम ४२८. तीन किलोमीटर मागे असलेलं १०९ सव्वा मिनिटात गाठतं. पळून जाणं हा पर्याय नाही. म्हणून पहिला बदल नकाशात करायचा. ब्लेनिमचं लक्ष्य आघाडीपासून २० ते २५ किलोमीटरवर असावं, ५० वर नाही. सुरुवात हवेत, ३,००० फुटांवर व्हावी. लक्ष्यावर पोचायला चार-पाच मिनिटं लागली तर पडलेला खेळाडू परत येतो, पंधरा लागली तर खेळ सोडतो.

दुसरा बदल दिसण्यात. खेळांत शत्रूच्या डोक्यावर खूण तरंगत असते. २०० फुटांखाली उडणाऱ्या विमानाची खूण दीड किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसावी. वरून शेतं आणि झाडीच्या पार्श्वभूमीवर गडद हिरवं-तपकिरी विमान खरंच शोधावं लागे. कमी उंचीवर राहण्याचा मोबदला एवढा एक नियम देतो, आणि त्यासाठी विमानात काही बदलावं लागत नाही. मात्र पाण्यावर हा नियम बंद ठेवा, नाहीतर खाडीवरून येणारं विमान अदृश्यच होतं.

तिसरा बदल गुणांत. हरिकेनच्या खेळाडूला ब्लेनिमपाशी राहण्याचे गुण मिळाले पाहिजेत, आणि ते पाडलेल्या १०९च्या गुणांपेक्षा कमी नकोत. पण ‘जवळ असणं’ मोजताना फक्त अंतर मोजलं तर लोक शेजारी घिरट्या घालून गुण लाटतात. ब्लेनिमवर गोळी झाडणाऱ्या १०९वर तीस सेकंदांच्या आत हरिकेनने गोळी झाडली तरच गुण, अशी अट ठेवली की लबाडी बरीच कमी होते.

या तिन्हीनंतरही ब्लेनिम खूप पडेल. पडू द्या. बॉम्ब लक्ष्यावर गेले की काम झालं असं गुणपत्रकाने मानलं पाहिजे, विमान परत आलं की नाही यावर थोडा जास्तीचा बोनस. सर्व्हरच्या नोंदीत दोन आकडे वेगळे ठेवा: किती ब्लेनिम पडली, आणि पडण्याआधी किती बॉम्ब टाकून झाले होते. ‘विमान दुबळं आहे’ ही तक्रार पहिल्या आकड्यावरून येते. विमानाला हात लावायचा की नकाशाला, ते दुसऱ्यावरून ठरतं.

पुढचा नकाशा: सिलोन, एप्रिल १९४२

हेच विमान आपल्या बाजूच्या समुद्रावरही लढलं. ९ एप्रिल १९४२ रोजी ११ स्क्वाड्रनची नऊ ब्लेनिम सिलोनहून (आजच्या श्रीलंकेहून) निघून जपानी ॲडमिरल नागुमोच्या विमानवाहू ताफ्यावर पोचली. रडार नसलेल्या ताफ्याला बॉम्ब पडेपर्यंत इशारा मिळाला नाही. बॉम्ब अकागी या विमानवाहू जहाजाच्या जवळ पाण्यात पडले, एकही लागला नाही, आणि झीरो या जपानी लढाऊ विमानांनी पाच ब्लेनिम पाडली.

या नकाशासाठी विमानात टरेटची दुसरी बंदूक एवढाच बदल. खरं काम जहाजात आहे. सुमारे ११,००० फुटांवरून बॉम्ब पडायला २६ सेकंद लागतात. २८ नॉट वेगाचं जहाज तेवढ्यात ३७५ मीटर सरकतं, आणि अकागी २६० मीटर लांब होतं. म्हणजे सरळ जाणाऱ्या जहाजावरही त्याच्या लांबीच्या दीडपट पुढे नेम धरायचा, आणि त्याने वळण घेतलं तर सगळं वाया. खेळातलं जहाज बॉम्ब सुटताक्षणी वळायला लागलं तर लागणं अशक्यच होतं. वळण टेहळ्याने विमान ‘पाहिल्यावर’, तेही वीसेक सेकंदांच्या उशिराने सुरू व्हावं. टेहळ्याची ही नजर ढग आणि सूर्याच्या दिशेशी बांधली की पुरे. आणि हे वळण सर्व्हरनेच ठरवून सगळ्यांना पाठवायचं, कारण २६ सेकंदांत दोन संगणकांवरच्या जहाजात दोन अंशांचा फरक पडला तरी एकाच्या पडद्यावर बॉम्ब डेकवर आणि दुसऱ्याच्या पडद्यावर पाण्यात पडतो.